हाकेच्या अंतरावर

कास्त्रोच्या मोठ्या दुकानातलं टेबल
खोक्यात आडवं झोपून आलं,
सोबत सोळा स्क्रू आणि एक वाकडी किल्ली.
देल्फीननं ते अर्ध्या तासात उभं केलं
आणि चिलोएच्या ओलीनं एका हिवाळ्यात बसवलं.
कडा फुगल्या,
चहात बुडवून विसरलेल्या पावासारख्या.
खोक्यावरच्या नंबराला फोन लावला
तर बराच वेळ व्हायोलिन वाजत राहिलं,
मग सान्तियागोहून एका मुलीनं
गोड आवाजात बिलाचा क्रमांक विचारला.
बिल चुलीत गेलं होतं.
टेबलही त्याच वाटेवर होतं.

आब्दोन नाहुएल्कीन वळणापलीकडे राहायचा.
वारा पडला की त्याचा रंधा आमच्या अंगणात ऐकू यायचा.
त्यानं किंमत सांगितली
आणि उभा देल्फीन खाली बसला :
दोन मेंढ्या, वर सामन-कारखान्यातला दीड महिना.
"मान्यीओचं लाकूड अजून वाळतंय," आब्दोन म्हणाला,
"आणि आधी तुमचं स्वयंपाकघर बघू दे."

आला, तर टेबलाचं बोलेचना.
चुलीशी बसून माते प्यायला,
मी बटाटे सोलताना माझं कोपर कुठवर येतं
ते बघत राहिला.
मग खिशातून गोटी काढून जमिनीवर ठेवली.
गोटी, कुणी बोलावल्यासारखी,
समुद्राकडच्या खचलेल्या कोपऱ्यात गेली.
"घर गुण्यात नाही," तो म्हणाला.
मी म्हटलं, पण आम्ही आहोत की गुण्यागोविंदानं.
तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

सप्टेंबरात टेबल आलं, बैलगाडीतून, घोंगडीत गुंडाळलेलं.
एक खिळा नाही. सालीत कुसू, कुसवात पाचर,
आणि ठेवलं तिथे असं बसलं
जसं आमच्या आधीपासून इथलंच.

अठ्ठावीस वर्षं हललं नाही.
त्यावर कणीक मळली, मेंढी कापली,
पगार मोजला, आणि कारखाना बंद झाला त्या महिन्यात
नुसतेच हात ठेवून बसलो.
एका रात्री, मेणबत्त्या लावून,
देल्फीनला त्यावरच ठेवलं.
मेंढ्यांचे तर रंगही आता आठवत नाहीत.

मग समुद्रानं काठ खाल्ला.
गाव जमलं, घराखाली ओंडके सरकवले,
सहा जोड्या बैल जुंपले,
आणि घर पडद्यांसकट माळावरून चालत निघालं.
टेबल तेवढं मी आत ठेवू दिलं नाही.
चौघांच्या खांद्यावरून ते मागे आलं, माझ्या पुढे,
आणि मला उगाच
दुसरी एक मिरवणूक आठवली.

नव्या जागी खांब सरळ.
गोटी ठेवाल तिथे थांबते.
आणि टेबल, जन्मात पहिल्यांदा, डुगडुगलं.

आब्दोनला जाऊन चार वर्षं झालेली.
तरी मी दारात उभी राहून हाक मारली, सवयीनं.
माळावरून ती खाली आणखी लांब गेली.
होविता आली, बापाची करवत काखेत,
टेबल उलटं केलं, वाकली,
आणि खालची पेन्सिल मोठ्यानं वाचली :
"समुद्राकडचा पाय बोटभर लांब.
दोष घराचा. माझा नाही."
हसता हसता आम्ही दोघी
त्या चार वर पायांमध्ये बसून रडलो.

पाय कापायला घटकाही लागली नाही.
पैसे विचारले तर म्हणाली, ते बाबांनी घेतलेत.
अंडी मात्र नेली.

बोटभर उंचीची ती चकती
आतून अजून पिवळी आहे, नाकाशी धरली तर वास येतो.
जुन्या घराचा सगळा उतार तेवढाच होता.
दक्षिणेची खिडकी वाऱ्यात खडखडते,
तिच्या फटीत ती खोचून ठेवली आहे.