माझ्याकडे उघडते

पेनड्राइव्ह त्यांनी डबीतून काढला,
तंबाखूच्या, झाकणाला रबर लावलेल्या.
मुनीर होडेकर, दाभोळ,
मच्छीमार सोसायटीचे चिटणीस,
फेरीबोटीने धोपाव्याला उतरून
गुहागरला माझ्या दुकानात तिसऱ्यांदा.
"चिपळूणला उघडत नाही, पुतण्याच्या लॅपटॉपवर नाही.
माझ्याकडे उघडते."

हे वाक्य मी रोज ऐकते.
शपथेवर सांगितल्यासारखं सांगतात सगळे.

तर उघडली. म्हणजे दार उघडलं,
आत कंस, डॉलर, पाचाचा आकडा,
मग नुसते चौकोन, ओळीने,
रिकाम्या चाळीसारखे.
नाव बदललं. टिंबानंतरचं शेपूट बदललं.
जुन्या आवृत्तीत सेव्ह केलं, दुसऱ्या प्रोग्रामला विचारलं.
चौकोन हलले नाहीत.

"कधी टाइप केलीत?"
"दोन हजार तीन. चाचा सांगत होते, मी मारत होतो.
खाडीच्या तोंडाशी कुठे कुठे खडक, त्याची यादी."
म्हटलं, काका, फाइलीत अक्षरं नसतात,
फाइलीत बटणांचे नंबर.
तुमची अक्षरं घरीच राहिली.

ते जरा गप्प. मग म्हणाले,
"बाहेरचा तांडेल आला की असंच.
नकाशा असतो हातात.
पण म्हातारी म्हणजे खडक, हे त्याला कोण सांगणार?"

गुरुवारी अकराच्या बोटीला
दोन मोटरसायकली आणि हापूसच्या पेट्यांच्या मधे
मांडीवर लुंगीत गुंडाळलेला अख्खा सीपीयू.
"स्क्रीन तुमचा चालेल ना?"

पंखा खोकला. एक झुरळ बाहेर येऊन
काउंटरवर जरा थांबलं, गेलं.
आणि ओळी आल्या, मराठी, जाड, थोड्या वाकड्या:
म्हातारी. उंबरा. खोताची पाटी.
दोन भावांमधली गल्ली, भरतीलाच जावे.

फॉन्टच्या फोल्डरात ती चौसष्ट केबीची एक फाइल.
एवढंच राहिलं होतं घरी.

कन्व्हर्टरने बरंच सोडवलं, बरंच बिघडवलं.
रफार चुकीच्या डोक्यावर बसले,
ळ कुठे गेला कळेना.
दुपारभर ते वाचत, मी दुरुस्त करत.
पान चारवर कान्याचा घोटाळा, म्हातरी.
काना देऊ लागले तर हात आडवा केला.
"राहू दे. चाचा असंच म्हणायचे."

शेवटी म्हटलं, पीडीएफ करून देते,
कुठेही उघडेल, कुणाहीकडे.
फक्त तिच्यात बदल करता येणार नाही.

त्यांनी पाचशेची नोट परत खिशात घातली,
दारातून खाडीच्या दिशेला पाहिलं,
जी इथून दिसत नाही.
"वाळूचा दांडा दरसाल सरकतो हो.
दोन्ही द्या."