उलान यायच्या आधी

बारा मीटरचा पतंग माझ्या शिवणखोलीत मावत नाही.
म्हणून अंगणात चादरी अंथरून
तू त्याला निजवलंस, कडांवर दगड ठेवलेस,
हवा भरलीस, आणि साबणाच्या पाण्याचं फडकं
फिरवत गेलीस शिवणीशिवणीवरून.
बुडबुडा फुगला की खडूची फुली.
दोन फुल्या.
तिसरी तुला दिसली नाही, मला दिसली.
चाळीस वर्षं तंबूंचे पडदे शिवलेत मी, एलनुरा.
वारा कुठून शिरेल ते बोटांना आधी कळतं.

पोदोल्स्कचं जुनं मशीन अजून चालतं,
फक्त पायट्याला तेल लागतं.
नायलॉन सुईखालून निसटतं ओल्या साबणासारखं.
नागमोडी टीप घातली, दोनदा.
तू म्हणालीस, मावशी, चिकटपट्टीनं भागलं असतं.
भागतं गं.
काठावर सगळंच भागतं.

मग चार दोऱ्या जर्दाळूच्या खोडाला बांधून
मागे मागे सरत, पार कुंपणापर्यंत ताणल्यास.
डावीकडची मागची बोटभर लांब भरली.
बोटभराचं काय एवढं?
तर म्हणालीस, इथे बोटभर,
तिथे पतंग सारखा एका कुशीवर
आणि माझा एक हात दिवसभर भांडतोय.
हे मात्र पटलं मला.
एक बाही लांब झाली
की माणूस लग्नातसुद्धा तीच ओढत बसतो.

यादी तू दारावर चिकटवलीस, येताजाता वाचते:
शिट्टी. दोरी कापायची सुरी. फोन, दोन पिशव्यांत.
रबरी पोशाखाच्या आत लोकरीचे मोजे नकोत
(हे माझ्यासाठी लिहिलंय).
शेवटी माझ्या अक्षरात: कुरुत, एक मूठ.
खारट दह्याच्या या गोळ्या दगडासारख्या असतात,
पण दगडापेक्षा जास्त वेळ सोबत करतात.

संध्याकाळी जोल्दोश आला, पेट्रोलचा हिशोब घेऊन.
तुझ्या मागोमाग त्याची नाव असणार.
जन्मभर या सरोवरात जाळी टाकली त्यानं
आणि त्याला पोहता येत नाही.
हे त्यानं तिसऱ्या पेल्यानंतर सांगितलं.
तू दचकलीस. मी नाही, तोसोरमध्ये सगळ्यांना माहीत आहे.
"पाणी ओळखतं मला," म्हणाला,
"उगीच सलगी कशाला वाढवा?"

मग नकाशावर जाड बोट टेकवून:
"परत फिरायचं कुठून?"
पंचवीस किलोमीटरच्या आत वारा पडला तर मागे, तू म्हणालीस.
"आणि सव्विसाव्याला पडला तर?"
तू साखर ढवळत राहिलीस.
साखर केव्हाच विरघळली होती.

तुझी आई मॉस्कोत हॉटेलच्या फरशा पुसते.
रात्री फोनवर तिनं विचारलं, काय चाललंय?
काही नाही, म्हणालीस, वारासुद्धा नाही इथे.
दुसरं वाक्य खरं होतं.
पाच दिवस नुसता सांताश,
पूर्वेकडून येतो, दुपारी उठतो, चहापर्यंत दमतो.

रस्त्यानं, वळसा घालून, मिनीबस
पलीकडच्या काठाला पाचएक तासांत नेते,
मांडीवर कलिंगड असलं तरी नेते.
का जायचंय असं, हे मी विचारलेलं नाही.
एकदा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्याला
आतल्या बाजूनं मी लाल फीत लावली होती.
कुणी सांगितली नव्हती. कुणाला दिसलीही नाही.

आज पहाटे चारला
कुंपणाच्या काठीला बांधलेली प्लास्टिकची पट्टी
फडफडायची थांबली.
मला वाटलं, पडला वारा.
बाहेर येऊन पाहते तर ती ताठ,
पूर्वेकडे बोट दाखवावं तशी.
खिंडीतून उलान सुटला होता,
आणि अंधारात पाणी
कुणीतरी टराटरा कापड फाडतंय तसं.

पतंग पडवीत गुंडाळलेला.
तिसरी फुली अंधारात चाचपून काढली,
टिपेवरून नख ओढलं. एकदा. परत एकदा.
धरलीये.

मग चहा ठेवला.
आणि एक पेला संपेपर्यंत,
फक्त एकच पेला,
तुला उठवलं नाही.