कारणाचा रकाना

फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय विचारला होता.
यादीत डॉक्टर होते, वकील होते,
'इतर' सगळ्यात खाली.
श्रावस्तीनं इतर दाबलं
आणि पुढच्या चौकोनात इंग्रजीत बराच वेळ लिहीत बसली.
काय लिहिलंस?
चावीवाला.
एवढं लांब?
त्यांना समजावून सांगावं लागतं, बाबा.

नेरुळच्या टाकीवर एकवीस वर्षं झाली मला.
मोरब्याचं पाणी डोंगराआडून येतं,
माझ्यापाशी थांबतं.
मग मी माझ्या खांद्याएवढी लोखंडी चावी
खड्ड्यात उतरवतो, बेचाळीस आटे फिरवतो.
सेक्टर दहाला साडेचार, बाराला सव्वासहा.
रो-हाऊस असो की बैठी चाळ,
आटे तेवढेच.

निबंध हवा होता, साडेसहाशे शब्दांचा.
कशातून वर आलात ते सांगा.
वाशीच्या क्लासमधले पालेकर सर,
भला माणूस, फी अर्धीच घेतली,
म्हणाले, पणजोबांचं लिही.
तळ्यापासून लांब उभे राहायचे,
कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचे,
आणि आज त्यांचा नातू शहराला पाणी सोडतो!
सरांनी टेबलावर हात आपटला.
हे वाचून नाही कोण म्हणेल?

त्या रात्री भाकरीचा काठ कुरतडत बसली नुसती.
मग म्हणाली, खरंय सगळं.
पण पणजोबांना विचारायला ते आता नाहीत.
माझ्या सीटसाठी
मी त्यांची ओंजळ पुढे करू?

मी काय सांगणार.
म्हटलं, मला पहाटे जायचंय, झोप.

तिनं भलतंच लिहिलं.
पाणी येण्याआधी नळ हवा सोडतो,
म्हाताऱ्यासारखा खाकरतो,
ती खाकर आधी कुणाच्या घरात, मग कुणाच्या,
आठवीत असताना तिनं वहीत टिपून ठेवलं होतं,
सेकंदासकट.
आम्हाला पत्ता नाही.
शेवटी एक वाक्य होतं,
शहरानं कधी जागं व्हायचं ते माझे वडील ठरवतात.
मी म्हटलं, हे खोटं.
वेळापत्रक ऑफिसातून येतं.
निबंध आहे, बाबा.
असू दे, काढ.
तिनं काढलं.
तेव्हापासून माझ्याच पोटात खड्डा,
त्या एका वाक्यावाचून अडलं तर?

मार्चच्या अठराला, रात्री अकराला कळलं.
मोबाइलवर रंगीत कागदाचे कपटे पडायला लागले.
तिची आई म्हणाली, बिघडला का गं?
श्रावस्ती बोलेना, नुसतं बोट दाखवत राहिली.
दिल्लीच्या पुढं, मोहरीच्या शेतांत बांधलेलं विद्यापीठ,
शंभरातल्या सहांना घेतं म्हणे.
ऐंशी टक्के फी माफ.
उरलेले वीस आईनं लगेच बोटांवर मोजायला घेतले,
स्वतःची बोटं संपली
तशी माझी धरली.

मला झोप नव्हती.
साडेतीनलाच टाकीवर जाऊन बसलो.
खाली सेक्टर काळा,
जिन्यांचे दिवे तेवढे.
चावी उतरवली आणि
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
घड्याळाकडे न बघता फिरवली.

खाली कुठंतरी एक नळ खाकरला.
मग त्याच्या शेजारचा.
एक खिडकी पिवळी झाली,
कुणीतरी बादली ओढली फरशीवरून.

नोंदवहीत लिहिलं,
ठरलेली वेळ चार तीस, सोडल्याची वेळ चार वीस.
पुढं कारणाचा रकाना असतो.
तिथं आम्ही दाब कमी, वीज गेली, असलं लिहितो.
पेन टेकवलं. शाईचा ठिपका पडला.
तेवढाच राहू दिला.

दुपारी ज्युनिअर इंजिनिअरचा फोन.
दहा मिनिटं आधी कसं काय?
म्हटलं, चुकलं साहेब.
पुन्हा व्हायला नको.

पुन्हा कसं होईल, म्हटलं,
एकच मुलगी आहे मला.