तीस मायक्रॉन

दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा,
आणि घासत राहायचं
तीस मायक्रॉन उरेपर्यंत.
झोम्ब्याच्या या खोलीत बावीस वर्षं मी हेच करतो.
भिंगाखाली क्वार्ट्झ पिवळा दिसला, तर अजून जाड.
पांढुरका झाला, की हात हलका करायचा.
राखाडी झाला, की थांबायचं.
एक फेरा जास्त झाला, तर
काचेवर नुसती काच.

अलेफा नामालोम्बा आली
तेव्हा तिच्या पिशवीत दगड नव्हताच.
नळीत चिखल होता, चिल्वा तळ्याचा, हातभर.
मी म्हटलं, बाई, हा कसा घासू?
म्हणाली, आधी रेझिन पाजा त्याला,
आठवडाभर मुरू द्या, दगड होईल.
रेझिनचा डबा तळाला जाऊन दोन वर्षं झाली होती.
म्हणून तो अर्ज.

अर्ज मी वाचला. कुणी दिला नव्हता,
पण प्रिंटर माझ्याच खोलीत आहे.
पंधराशे शब्द.
त्यात तिचा मामा होता, मतेम्बा मासळी सुकवणारा,
तळं आटलं त्या साली होडी पालथी घालून
तिच्याखाली कोंबड्या पाळणारा.
आणि एक प्रश्न होता:
हे तळं आजवर किती वेळा गेलं,
आणि परत यायला दर वेळी किती वर्षं घेतली?
निधीवाल्यांना हवे होते तीनशे शब्द.
शेवटी एक चौकट: अपेक्षित लाभ.

शेजारच्या टेबलावर हॅरिसन.
त्यानं बेटावरचा कार्बोनेटाइट घेतला, त्यातली दुर्मिळ खनिजं.
कंपनीनं फी भरली, बूट दिले, टोपी दिली.
टोपीवर नाव कंपनीचं.
मी हसत नाही त्याला. तीन बहिणी शिकवतोय तो,
आणि त्याचा दगड घासायलाही गुणी आहे.
म्वाले सर अलेफाला म्हणाले, तूही एक ओळ घाल ना,
चिखलात निओडिमियम असू शकतं म्हणून.
असू शकतंच, सर, ती म्हणाली,
पण मी ते शोधत नाहीये.

मुदतीच्या रात्री आम्ही अर्ज घासायला बसलो.
पहिल्या हाताला विशेषणं गेली.
मग प्रस्तावना. मग कोंबड्या.
तीनशे बारा.
मामा काढू का? तिनं विचारलं.
मी सवयीनं कागद दिव्यासमोर धरला.
राखाडी झालंय, म्हटलं. थांब आता.
पण संगणकाला राखाडी कळत नाही,
तो तीनशेव्या शब्दावर दार लावतो.
तिनं बराच वेळ काही खोडलं नाही.
मग स्वतःचंच वाक्य काढलं,
मी या तळ्याच्या काठावर वाढले, असं काहीसं सुरू होणारं.
मामा राहिला.
तेवढ्यात वीज गेली. उरलेलं तिनं फोनवरून पाठवलं,
पायरीवर बसून, अकरा बावन्नला.

चार महिन्यांनी पत्र आलं.
मंजूर: रेझिन, दोन डबे.
मंजूर: नमुन्यांचं वय काढणं, परदेशी प्रयोगशाळेत, विमानखर्चासह.
नामंजूर: विद्यार्थिनीचा प्रवास. राहण्याचा खर्च. जेवण.
म्हणजे चिखल उडाला.
कागदपत्रं त्याची एका फटक्यात झाली,
पासपोर्ट नाही, मुलाखत नाही,
परत येणार का, असंही कुणी विचारलं नाही त्याला.
अलेफा इथेच आहे.
माझ्या डब्यातली न्सिमा आता दोघांची,
बायको भाजी थोडी वाढवून देते, विचारत नाही.

आज पहिला छेद झाला.
चिखल इतका पातळ घासला
की पलीकडची खिडकी दिसू लागली.
गडद थर, फिका थर, गडद,
मग एक जाड, भेगाळलेला.
हा गेला होता तेव्हाचा, ती म्हणाली, आणि गप्प झाली.
त्या थराच्या वर, अगदी लगेच,
माशाचा एक खवला.

ती मोजतेय.
शेवटची मिनीबस सहाला सुटते.
मी घड्याळाकडे पाहिलं,
आणि कपाटातून दुसरी काच काढली.