बैठका

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या स्टेजमागे,
जिथे गॅदरिंगचे पडदे गुंडाळून ठेवलेत
आणि एका पडद्यावर अर्धा राजवाडा अजून दिसतो,
तिथे आमची वॉर्मअपची जागा.
भुसावळ. मे महिना.
कूलर बाहेर, पंचांच्या पाठीशी.
इकडे पंखा आहे. फिरतो, एवढंच.

मोकळा बार खांद्यांवर घेतला.
सावलीतलं लोखंड, तरी तापलेलं.
सुपडू नाना म्हणाले, "बस."
बसले, मांड्या पोटऱ्यांना टेकेपर्यंत.
"पाय झोपेल हायेत. तेह्यले आधी उठव,
मंग वजनाचं पाहू."

नानांचे स्वतःचे पाय सावद्याच्या धक्क्यावर जागे झाले,
वॅगनमध्ये केळीचे घड चढवताना.
त्यांना कुणी सेट मोजून दिले नव्हते.
गाडी सुटेपर्यंत, तो एक सेट.

पलीकडच्या फळीवर धुळ्याची मुलगी
एकही बैठक मारत नाही.
तिचे सर म्हणतात, राखून ठेव,
पाय इथेच खर्च केलेस तर बाहेर काय नेशील?
मला हेही पटतं.
दोन्ही पटतं, आणि वेळ थोडा.

हिरव्या दोन. पस्तीस. तीन बैठका.
डावा गुडघा कुरकुरतो, मग गप्प होतो.
पिवळ्या. पंचेचाळीस. तीन.
मालगाडी जाते. फरशी हलते,
रॅकमधल्या प्लेटा एकमेकींना लागून बोलतात,
मी खाली बसलेली,
मला ती गाडी टाचांतून ऐकू येते.
किती डबे, तेही सांगितलं असतं,
वर यायचं नसतं तर.

सातवीत एकदा कान धरून पन्नास काढल्या होत्या,
सोनार बाईंच्या तासाला हसले म्हणून.
बाई मोजत होत्या, सगळा वर्ग मोजत होता.
पन्नास झाल्या आणि मी थांबलेच नाही.
त्रेसष्टला बाईंनीच दंड धरून बाकावर बसवलं.
त्याच संध्याकाळी त्यांनी नानांना निरोप धाडला,
एक पोरगी आहे, बघून घ्या.

लाल. पासष्ट. दोन.
दुसरीतून उठताना मध्ये एक जागा येते,
धड खाली नाही, धड वर नाही.
तिथे माझा श्वास नेहमी हरवतो, किल्लीसारखा,
आणि सापडतो तोही तिथेच.

आई आली नाही. बघवत नाही म्हणते.
डब्यात दोन केळी, गुळाचा खडा,
कळण्याच्या भाकरीचा चतकोर.
सकाळी सातला काटा झाला, चोपन्न किलो आठशे.
केळी खाल्ली. भाकरी तशीच आहे.

नाना पडद्याच्या फटीला डोळा लावून
पत्ते जुळवावेत तसे आकडे जुळवतात.
चोपड्याची एक बाकी. यावलची पंचावन्नला चुकली,
तेच परत घेईल. मग तू.
"एक अजून. ऐंशी. एकच."

लालच्या बाहेर पाच, पाचच्या बाहेर अडीच,
दोन्हीकडे, क्लिप घट्ट.
पायांना हे नको आहे. पायांना विचारलं नाही.

बसते.
अगदी तळाशी गेल्यावर
तो अर्धा राजवाडा डोळ्यांच्या रेषेत येतो.
त्याला एक दार आहे, रंग उडालेलं.
याआधी दिसलं नव्हतं.
उठते.

कशी उठले ते नानांनी पाहिलं नाही,
त्यांचा डोळा फटीलाच.
पाहिलं धुळ्याच्या मुलीनं.
तिनं पांढऱ्या भुकटीचे हात एकमेकांवर झटकले,
मोकळा बार खांद्यांवर घेतला
आणि सरांकडे न बघता
एकदा बसली.

माइकवर कुणीतरी भंगाळेचं भंगाले केलं.
कोकिळा तेवढं बरोबर.
स्नॅच, पहिला प्रयत्न, अठ्ठावन्न. एक मिनिट.

नानांनी पाठीवर थाप मारली, ओली निघाली.
माझ्या पायांत अजून ऐंशी आहे.
बाहेरच्या बारला हे कुणी सांगितलेलं नाही.