दुसरी कडी

दुकानदार विचारतो, "माणसं किती?"
ओदील मोजते. चर्चचे, बायूपलीकडचे,
आगंतुक धरून सत्तर.

"मग हा बर्नर घ्या. पाय बुटके, फाकलेले.
उंच तिकाटणं उकळत्या पाण्यासकट कलंडतं.
नळी लांब, सिलिंडर आचेपासून दूर.
ज्योत निळीच हवी;
पिवळी झाली की पातेल्याचं बूड काजळलंच."

तिला ठाऊक आहे सगळं.
एर्विलच्या बर्नरची ती निळी घरघर
तेवीस वसंत
तिनं मक्याची कणसं सोलता सोलता ऐकलीय.

"क्रॉफिशनं भरलेली जाळी मात्र
एकट्यानं निघायची नाही.
लहान देऊ?"

ओदील दोन्ही कड्यांना हात लावून बघते.
"मोठीच द्या.
दुसरी कडी धरायला
उठेल कुणीतरी."