ओळखीची खूण

फॉर्मवर रकाने सहा:
क्रमांक, घेर, पान, साल, फळ, स्थानिक नाव.
आरळ्याच्या एसटीतून उतरले तेव्हा
पिशवीत टेप, भिंग, पाण्याची बाटली,
आणि डोक्यात कॉलेजातली घोकंपट्टी:
पानं समोरासमोर की एकाआड एक,
देठाशी गाठी आहेत की नाहीत.

माघ सरला होता.
डोंगरावर पानंच नव्हती.

धाकलू झोरे हसला नाही, एवढं खरं.
खांद्यावरचं घोंगडं दुसऱ्या खांद्यावर टाकलं
आणि समोरच्या खोडाला नख लावलं.
"मगरीची पाठ हाय बघा. ऐन."
मी खाली वाकले, पाचोळा चाळला,
पाच पंखांचं वाळकं फळ सापडलं
आणि मगच लिहिलं: ऐन.
त्याने वाट पाहिली. घाई त्याला नव्हतीच.

मग किंजळ, तांबूस फळांचा भुगा सांडत.
पंख तीनच, त्यातला एकच काय तो उडण्याजोगा.
मग गेळा, काटे जोडीजोडीने,
डोईवर टोपी घातलेली पिवळी फळं.
कुड्यापाशी मी अडले.
काळा की पांढरा?
फांदीला दोन शेंगा लोंबत होत्या.
"टोकं चिकटल्यात का बघा.
चिकटली तर काळा.
फटकून ऱ्हायल्या तर पांढरा."
थोडं थांबून म्हणाला,
"आमी दोघं भाव पांढऱ्यातलं."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुपारी एक झाड मी स्वतःच ओळखायला गेले.
करडी साल, जाड डहाळ्या,
वर एखादंच उरलेलं पान, केवढं तरी मोठं.
हात पुढे केला.
"बाई, थांबा.
ह्येला तुमी न्हाई वळखलं
तर ह्यो तुमाला वळखंल."
तोवर मनगट डहाळीला घासून गेलं होतं,
मोडल्या जागेतून आलेला रस
आधी पाण्यासारखा, मग काळा होत गेला.
बिब्बा.
रात्री कातडी फुगली.
धाकलूच्या बायकोने खोबरेल लावलं,
"झाडानं शिक्का मारला" म्हणाली,
आणि भाकरी वाढली.

तिसऱ्या दिवशी, परतताना,
ओढ्याकाठच्या एका झाडाशी तो थबकला.
"हे कोन सांगा."
मगरीची पाठ. पाच पंख.
ऐन, म्हटलं. या वेळी पाचोळ्याकडे न बघता.
"ऐन तर हायच. पर कोन?"
मी गप्प.
तो म्हणाला, हिच्या ह्या फांदीला
आईनं माझी झोळी बांधलेली.
गुरं पाण्यावर, ती गुरांमागं, मी हितं.
फांदीवर खरंच एक घळ होती,
दोर घासून गेल्यासारखी, साल दोन्हीकडून
ओठांसारखी मिटत आलेली.
मी टेप गुंडाळली. घेर एकशे बावन्न.
स्थानिक नावापुढे बराच वेळ
पेन तसंच धरून राहिले.

*

दीड महिन्याने शिराळ्याच्या बाजारात
उन्हासाठी तोंडभर स्कार्फ बांधलेला,
मी मिरच्यांचा भाव करत होते.
शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यातला एक म्हातारा
वजनाच्या काट्याकडे बघत उभा.
घोंगडं नाही, कोयता नाही,
डोंगरही मागे नाही.
मी त्याच्यावरून नजर तशीच पुढे नेली.

"बरं झालं का मनगट?"

बघितलं तर तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता.
पैसे द्यायला पुढे केलेल्या हाताकडे,
तिथल्या अंगठ्याएवढ्या काळपट डागाकडे
बघत होता, मान किंचित कलती करून,
खोडाशी उभा राहायचा तसाच.

"धाकलूमामा," म्हटलं, "मी नाही ओळखलं तुम्हाला."
"पानगळ झालीया," म्हणाला,
सदऱ्यावरून हात फिरवत.
मग मिरचीवालीला म्हणाला,
"हिला वाईच जास्त घाल. आमच्या रानातली हाय."